चौघांची साक्ष चौघांनाच: उत्तर आफ्रिकेतील एका जर्मन लढाऊ तुकडीचे प्रकरण, ऑगस्ट १९४२

दुसऱ्या महायुद्धात जर्मन लढाऊ वैमानिकांनी पाडलेल्या विमानांचे आकडे कोणालाही चक्रावून टाकतील असे आहेत. एकेकाच्या नावावर शंभर, दोनशे, क्वचित तीनशेहून अधिक विमाने आहेत. ते आकडे खरे मानायचे तर कशाच्या आधारावर, या प्रश्नाला बहुतेक वेळा एकच उत्तर मिळते: जर्मनांची कागदपत्रे फार कडक होती, साक्षीदाराशिवाय दावा मान्य होत नसे. हे उत्तर बऱ्याच अंशी खरे आहे. पण ती कडक पद्धत एका महिन्यात एका जागी पार निकामी झाली, आणि ती नेमकी कशी चालत असे हे त्या प्रसंगातून जितके कळते तितके नियमांची यादी वाचून कळत नाही.

प्रसंग २७व्या लढाऊ गेश्वाडरच्या (जर्मन हवाई दलाच्या मोठ्या तुकडीच्या) दुसऱ्या ग्रुप्पेतल्या (तिच्या एका भागातल्या) चौथ्या स्टाफेलचा (त्याहून लहान तुकडीचा) आहे. त्यात गुंतलेल्या चार वैमानिकांची नावे इतिहासकारांनी छापलेली आहेत, पण इथे ती देत नाही. चौघांचा दोष सारखा होता असे धरता येत नाही, आणि आपला विषय माणसांपेक्षा पद्धतीचा आहे.

पार्श्वभूमी

२१ जून १९४२ रोजी लिबियातले टोब्रुक हे ब्रिटिशांच्या ताब्यातले बंदर जर्मनांच्या हाती पडले. तिथे हाती लागलेल्या सैन्यात ११व्या भारतीय ब्रिगेडमधली मराठा लाइट इन्फंट्रीची दुसरी बटालियनही होती, त्यामुळे ते वाळवंट तेव्हा आपल्याकडच्या काही घरांनाही जवळचे झाले होते. त्यानंतर जर्मन सेनापती रोमेलची सेना इजिप्तमध्ये घुसली आणि जुलैत एल अलामीनपाशी अडली. उत्तरेला भूमध्य समुद्र, दक्षिणेला कतारा खोलगट प्रदेश, मध्ये वाळू आणि खडक. आघाडी जागच्या जागी थिजली, हवाई लढाई मात्र रोज चालू राहिली.

जर्मन बाजूने या लढाईचा मुख्य भार २७व्या गेश्वाडरवर होता. गेश्वाडरमध्ये तीन ग्रुप्पे, प्रत्येक ग्रुप्पेत तीन स्टाफेल, आणि स्टाफेलकडे कागदोपत्री साधारण बारा विमाने. आकाशात जाताना चार विमानांचा एक श्वार्म होई आणि त्यात दोन जोड्या असत. जोडीतला पुढचा वैमानिक हल्ला करी आणि मागचा त्याची पाठ राखी. हा मागचा माणूस लक्षात ठेवा, पुढे सगळे त्याच्यावर येऊन ठेपते.

गेश्वाडरचा प्रमुख एडुआर्ड नॉयमान जूनमध्ये त्या पदावर आला होता आणि दुसऱ्या ग्रुप्पेचा प्रमुख गुस्ताव रोडेल मे महिन्यात. पहिल्या ग्रुप्पेत हान्स-योआखिम मार्सेय होता. १७ जूनला त्याने पाडलेल्या विमानांची संख्या १०१ वर गेली, त्याचे फोटो जर्मनीभर छापून आले आणि तो रजेवर गेला. २३ ऑगस्टला तो आघाडीवर परतला. म्हणजे आपले प्रकरण घडले ते हा तारा तळावर नसतानाच्या काळात. बाकीच्यांना आपली जागा दाखवून देण्याची घाई त्याच काळात झाली असावी, असा माझा अंदाज आहे.

आकड्यांना किंमतही होती. मे १९४० मध्ये वेर्नर म्योल्डर्सला २० विमानांनंतर नाइट्स क्रॉस मिळाला, आणि लढाऊ वैमानिकांत तो पहिला होता. पुढे ही पायरी वर चढत गेली. हे पदक गळ्यात घालायचे असल्याने त्याच्या हव्यासाला वैमानिकांच्या बोलीत ‘घसा दुखणे’ म्हणत. हा आजार तळावर सगळ्यांना ठाऊक होता.

दाव्याचा कागद कसा फिरत असे

वैमानिक उतरला की आधी तोंडी माहिती देई. मग दोन कागद तयार होत. एक म्हणजे लढाईचा वृत्तांत, त्याच्या स्वतःच्या शब्दांत. दुसरा विजयाच्या नोंदीचा छापील नमुना, आबशुसमेल्डुंग. त्यात २१ प्रश्न होते. विमान कोणत्या तारखेला, किती वाजून किती मिनिटांनी, किती उंचीवर पाडले? नकाशाच्या कोणत्या चौकोनात कोसळले? कोणत्या जातीचे होते, कोणत्या देशाचे, त्यावर कोणती खूण होती? नाश कसा झाला: काळा धूर निघाला की पांढरा, ज्वाळा दिसल्या का, तुकडे उडाले का, की हवेतच फुटले? जमिनीवर सरळ आदळले की तिरके, आग लागली की धुळीचा लोट उठला? कोसळताना पाहिले नसेल तर का नाही? शत्रूच्या वैमानिकाचे काय झाले? किती वेळा आणि कोणत्या दिशेने हल्ला केला? कोणता दारूगोळा, किती खर्च झाला? आपल्या विमानाला किती गोळ्या लागल्या? आणखी कोणत्या तुकडीचा यात वाटा आहे का?

यातला कोणताही प्रश्न उगाच विचारलेला नाही. धुराचा रंग विचारला कारण पूर्ण जोरात पळ काढणाऱ्या विमानाचे इंजिनही काळा धूर सोडते आणि मागून पाहणाऱ्याला ते जळते आहे असे वाटते. कोसळताना पाहिले का, हे विचारले कारण गोते खात खाली जाणे ही वैमानिकाची निसटण्याची जुनी युक्ती होती. नमुना तयार करणाऱ्यांना आकाशातली फसगत नीट माहीत होती.

या नमुन्याला साक्षीदाराचे निवेदन जोडावे लागे. साक्षीदार हवेतला चाले, जमिनीवरचाही चाले. विमानाचे अवशेष सापडले तर फारच उत्तम. मग स्टाफेलचा प्रमुख शेरा मारी, कागद ग्रुप्पेकडे जाई, तिथून गेश्वाडरकडे, तिथून वरच्या मुख्यालयांतून बर्लिनला हवाई मंत्रालयात. तिथे विजयांची छाननी करणारा स्वतंत्र आयोग होता. कोणत्याही पायरीवर दावा फेटाळता येत असे. मान्य झाला तर तुकडीला प्रमाणपत्र येई आणि त्यात हा त्या स्टाफेलचा कितवा मान्य विजय आहे हेही लिहिलेले असे. याला अनेक महिने लागत, कधी वर्षाहून अधिक.

आणखी एक नियम या पद्धतीचा कणा होता: एक विमान, एक वैमानिक. ब्रिटिश नोंदींत अर्धा विजय किंवा तिघांत वाटलेला विजय आढळतो. जर्मनांकडे तशी वाटणी नव्हती. दोघांनी एकाच विमानावर गोळ्या झाडल्या तर ते कोणाचे हे ठरवावे लागे, नाहीतर विजय एका माणसाऐवजी तुकडीच्या खात्यात जाई. पुढे बॉम्बर विमानांसाठी गुणांची पद्धत आली, तीत चार इंजिनांचे विमान पाडल्यास तीन गुण मिळत. ते गुण पदकांसाठी होते. विजयांची संख्या त्यामुळे तिप्पट होत नसे, तरी आजही अनेक जण या दोन गोष्टींची सरमिसळ करतात.

अडचण

ऑगस्ट सुरू झाला तसा चौथ्या स्टाफेलच्या एका श्वार्मचा वेग अचानक वाढला. स्टाफेलचा प्रमुख त्यात स्वतः उडत होता. बरोबर स्पेनच्या यादवी युद्धापासूनचा एक अनुभवी वैमानिक आणि आणखी दोघे. काही आठवड्यांत चौघांच्या मिळून दाव्यांची संख्या साठच्या जवळ गेली. त्याच आकाशात, तीच मेसरश्मिट १०९ एफ विमाने घेऊन उडणाऱ्या इतर श्वार्मना त्याच्या जवळपासही जाता येत नव्हते.

कागद मात्र सगळे जागेवर होते. वेळ होती, चौकोन होता, विमानाची जात होती, बहुधा कर्टिस किटीहॉक. दारूगोळ्याचा खर्च होता. आणि साक्षीदार होता, तोही त्याच श्वार्ममधला. आज पहिल्याच्या दाव्याला दुसऱ्याची साक्ष, उद्या दुसऱ्याच्या दाव्याला तिसऱ्याची. त्यावर शेरा मारणारा पहिला अधिकारी स्टाफेलचा प्रमुख, म्हणजे त्याच श्वार्ममधला माणूस.

इथे थोडे थांबायला हवे, कारण एरवी असे घडणे अगदी स्वाभाविक होते. लढाऊ विमानात माणूस एकटा असतो. त्याने काय केले ते पाहण्याची शक्यता पाठराख्यालाच सर्वात जास्त. युरोपात लढाई शहरांवर, शेतांवर, विमानभेदी तोफांच्या डोक्यावर चाले आणि जमिनीवरचे शेकडो डोळे वर लागलेले असत. अलामीनच्या दक्षिणेला खाली माणूसच नव्हता. विमान शत्रूच्या बाजूला पडले तर अवशेष पाहायला जाता येत नव्हते, समुद्रात पडले तर प्रश्नच मिटला. गन कॅमेरा सगळ्या विमानांवर नव्हता. त्यामुळे युरोपात अनेक पुराव्यांतला एक असलेला हवेतला साक्षीदार वाळवंटात एकमेव पुरावा होऊन बसला. नमुना तोच राहिला, पण त्याला आधार देणारे बाकीचे खांब काढून घेतले गेले होते, आणि वरच्या पायऱ्यांवर बसलेल्यांना कागद पाहून हे कळण्याची सोय नव्हती.

आपल्याकडे पंचनाम्याला पंच लागतात ते तिऱ्हाईत. घरच्याच चार माणसांनी एकमेकांच्या पंचनाम्यावर सह्या केल्या तर कागद पूर्ण दिसतो, पण त्याला पंचनामा म्हणता येत नाही.

संशय कशामुळे आला

बर्लिनच्या आयोगाला यातले काही उमगले नाही, उमगणे शक्यही नव्हते. कुजबुज तळावर सुरू झाली. रोज त्याच आकाशात जाणाऱ्या सहकाऱ्यांना तिथे किती शत्रू भेटतो हे माहीत होते, आणि चौघांच्या वृत्तांतातले आकाश त्यांच्या ओळखीचे नव्हते. अखेर या श्वार्मची विमाने रिकाम्या वाळूत गोळ्या झाडताना दिसली.

या तपशिलावर मी बराच विचार केला आहे. वाळूत गोळ्या का झाडायच्या? कारण नमुन्यात दारूगोळ्याच्या खर्चाचा प्रश्न होता. विमान उतरले की शस्त्रे सांभाळणारा कर्मचारी पट्टे तपासून नवे भरत असे. २० मिलिमीटरच्या तोफेत २०० गोळे आणि दोन मशिनगनमध्ये प्रत्येकी ५०० गोळ्या. तीन विमाने पाडल्याचे सांगणाऱ्याचे पट्टे भरलेलेच परत आले असते तर पहिला प्रश्न त्या कर्मचाऱ्यानेच विचारला असता. खोटे बोलणाऱ्यांना हे ठाऊक होते, म्हणून त्यांनी पुरावाही तयार केला. नमुन्यातला खबरदारीचा प्रश्नच फसवणूक कशी पूर्ण करायची ते शिकवून गेला.

समोरचे पर्याय

ग्रुप्पेच्या आणि गेश्वाडरच्या प्रमुखांपुढे तीन वाटा होत्या असे मला दिसते.

पहिली वाट लष्करी न्यायालयाची. नियमाने तीच बरोबर ठरली असती. पण त्यासाठी कोणता दावा खोटा हे सिद्ध करावे लागले असते, आणि वाळवंटात न पडलेले विमान पडले नाही हे सिद्ध करणार कसे? वृत्तपत्रांत ज्या गेश्वाडरचा उदोउदो चालला होता तिथून असा खटला बर्लिनला पाठवणे हीदेखील लहान गोष्ट नव्हती.

दुसरी वाट म्हणजे दावे मागे घेणे. कागद साखळीतून वर गेले होते, पण अंतिम मान्यता यायला महिने लागत, म्हणजे त्यांना थांबवायला वेळ होता. माझ्या दृष्टीने या प्रकरणातला खरा निर्णयाचा क्षण हा आहे. ‘या काळातील या श्वार्मच्या सर्व दाव्यांची फेरतपासणी व्हावी’ एवढी एक ओळ कोणाची शिक्षा न ठरवताही लिहिता आली असती.

तिसरी वाट म्हणजे श्वार्म मोडून चौघांना वेगळे करणे आणि पुढे उडत राहणे. आघाडीवर प्रशिक्षित वैमानिकांची टंचाई होती आणि रोमेलची पुढची चढाई तोंडावर आली होती. ती ३० ऑगस्टच्या रात्री आलम हाल्फापाशी सुरूही झाली.

प्रत्यक्षात काय केले

तिसरी वाट निवडली गेली. श्वार्म फोडला, चौघांना एकत्र उडू दिले नाही. न्यायालय बसले नाही. दावेही सरसकट रद्द झाले नाहीत.

चौघांतला स्पेनपासूनचा अनुभवी वैमानिक १९ ऑगस्टला दुरुस्त केलेल्या विमानाच्या चाचणीसाठी उडाला आणि परतला नाही. त्याचा मृतदेह नंतर किनाऱ्याला लागला. अपघात की आत्महत्या, याबद्दल तेव्हापासून आजपर्यंत मतभेद आहेत. एका माणसाच्या मरणावर या विषयात तर्क लढवणे मला योग्य वाटत नाही. एवढेच नोंदवतो की उरलेले तिघे उडत राहिले आणि त्यांतल्या एकाला त्याच वर्षी डिसेंबरात नाइट्स क्रॉस मिळाला.

परिणाम

सर्वात सरळ परिणाम आकड्यांवर झाला. ब्रिटिश, दक्षिण आफ्रिकी आणि ऑस्ट्रेलियन स्क्वाड्रनांच्या दैनंदिन नोंदवह्या युद्धानंतर अभ्यासकांना खुल्या झाल्या. त्यांत प्रत्येक उड्डाण, परत न आलेले प्रत्येक विमान आणि हरवलेला प्रत्येक वैमानिक आहे. जर्मन दाव्याची वेळ आणि चौकोन घेऊन त्या दिवसाची ब्रिटिश हानी शोधायची, ही यातली नेहमीची पद्धत. या श्वार्मच्या दाव्यांपैकी थोड्यांनाच जुळणारी हानी सापडते. उरलेल्यांतली काही विमाने खराब होऊन परत गेली असतील, काही अस्तित्वातच नव्हती.

दुसरा परिणाम मला जास्त गंभीर वाटतो. पाडलेल्या विमानांचा आकडा हा शत्रूच्या बळाचा हिशेबही असतो. १० जुलैला तेल एल ईसाजवळ ऑस्ट्रेलियन सैन्याने रोमेलची रेडिओ-टेहळणी करणारी ६२१ क्रमांकाची कंपनी पकडली होती, म्हणजे शत्रूची खबर देणारा एक मोठा कान आधीच गेला होता. अशा वेळी आपण आकाशात किती विमाने संपवली हा आकडा तरी भरवशाचा असायला हवा होता. आलम हाल्फाच्या लढाईत जर्मन सैन्यावर रात्रंदिवस बॉम्ब पडत राहिले. कागदावर संपलेली विमाने आकाशात होतीच.

आणि गेश्वाडरचे पुढे काय झाले? सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात त्याचे दोन नावाजलेले वैमानिक गेले, ३० सप्टेंबरला मार्सेयही गेला. मागे वळून कागद स्वच्छ करायला उसंत उरली नाही.

इथे दुसरी बाजूही सांगायला हवी. फुगलेले दावे सगळ्याच हवाई दलांत होते आणि बहुतेक प्रामाणिक चुकीतून आलेले होते. १५ सप्टेंबर १९४० रोजी ब्रिटिशांनी १८५ जर्मन विमाने पाडल्याचे जाहीर केले, प्रत्यक्ष जर्मन हानी साठच्या आसपास होती. तिथे कोणी वाळूत गोळ्या झाडल्या नव्हत्या. दहा जणांनी एकाच कोसळत्या विमानावर गोळ्या झाडल्या आणि प्रत्येकाला ते आपले वाटले. म्हणून या श्वार्मचे प्रकरण पुढे करून सगळे जर्मन आकडे खोटे ठरवणे चुकीचे आहे. अनेक वैमानिकांचे दावे ब्रिटिश नोंदींशी चांगले जुळतात. मार्सेयचे सगळे दावे जुळत नसले तरी मोठा भाग जुळतो. १५८ खुणा रंगवलेली त्याच्या विमानाची शेपटीवरची सुकाणूपट्टी आज बर्लिनमधल्या गाटोच्या संग्रहालयात आहे. ती पाहताना प्रत्येक खुणेमागे एक भरलेला नमुना आणि एक साक्षीदार होता हे आठवावे, आणि तो साक्षीदार कोण होता हेही विचारावे.

वेगळे काय करता आले असते

साक्षीदार श्वार्मच्या बाहेरचा असावा, असा नियम वाळवंटात दर उड्डाणाला पाळणे अशक्य होते, हे मान्य. पण जोड्या फिरत्या ठेवणे शक्य होते. तेच चार जण आठवड्यानुआठवडे एकत्र उडत राहिले नसते तर खोट्यात रोज नवा माणूस सामील करून घ्यावा लागला असता, आणि असे खोटे चार दिवससुद्धा टिकत नाही.

स्टाफेलचा प्रमुख स्वतः दावेदार किंवा साक्षीदार असेल तेव्हा पहिला शेरा दुसऱ्या स्टाफेलच्या प्रमुखाने मारायला हवा होता. त्याला जास्तीचा माणूस लागला नसता, जास्तीचा कागदही नाही.

बर्लिनचा आयोग एकेक दावा सुटा तपासत असे. सुटा घेतला तर चौघांचा प्रत्येक दावा निर्दोष होता. तेच साठ कागद एका टेबलावर शेजारी शेजारी मांडले असते तर साक्षीदाराच्या रकान्यात तीच नावे आलटून पालटून दिसली असती, आणि शेजारच्या तुकड्यांना त्याच चौकोनांत त्याच वेळी शत्रू भेटला नव्हता हेही दिसले असते. ही मांडणी पुढे अभ्यासकांनी केली. ग्रुप्पेच्या कचेरीत ती ऑगस्टमध्येच एका संध्याकाळी करता आली असती, कारण सगळ्या प्रती तिथे होत्या.

युद्धाच्या शेवटी लुफ्टवाफेची, म्हणजे जर्मन हवाई दलाची, बरीचशी कागदपत्रे जर्मनांनी स्वतःच जाळली. विजयांच्या नोंदींपैकी जे वाचले त्याच्या मायक्रोफिल्म फ्रायबुर्गच्या लष्करी अभिलेखागारात पाहायला मिळतात. त्यांत रकाने आहेत: तारीख, वेळ, नाव, तुकडी, विमान, चौकोन. शत्रूने त्या दिवशी काय गमावले याचा रकाना त्यांत नाही. ते उत्तर लंडनमधल्या क्यूच्या अभिलेखागारातल्या स्क्वाड्रनच्या वह्यांत आहे, आणि ऑगस्ट १९४२ चा हिशेब करणाऱ्याला दोन्हीकडची पाने उघडून शेजारी ठेवावी लागतात.